लाँगस्टोनची लेक

आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात वडिलांच्या शाळेच्या दिवसांतली पुस्तकं जपून ठेवलेली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती उपसायची आम्हा भावंडांना परवानगी असे. त्यातल्या एका पुठ्ठा गेलेल्या इंग्रजी रीडरमध्ये मी एक चित्र पाहिलं. खवळलेला समुद्र, डोंगराएवढ्या लाटा, आणि इवल्याशा होडीत वल्हं हाती धरलेली एक मुलगी. केस वाऱ्यावर मोकळे सुटलेले, नजर दूर कुठंतरी. खाली नाव होतं ग्रेस डार्लिंग. डार्लिंग हे कुणाचं आडनाव असू शकतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यामुळे हे नाव वडीलधाऱ्यांसमोर मोठ्यानं वाचायची मला चोरी वाटायची. धडा अर्थातच पुरता कळला नाही, पण चित्र डोक्यात राहिलं.

पुढे बँकेच्या नोकरीत काही वर्षं रत्नागिरीला काढली. संध्याकाळी रत्नदुर्गाच्या बाजूला गेलं की दीपगृहाचा झोत समुद्रावर फिरायला लागलेला दिसे. तो बघताना मला ती वल्हं मारणारी मुलगी हटकून आठवायची. मग जमेल तसं तिच्याविषयी वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आलं, की त्या चित्रात जवळजवळ सगळंच चुकलेलं होतं. ती एकटी नव्हती आणि नजर दूर लावून बसण्याइतकी तिला उसंतही नव्हती. खरी हकिकत त्या चित्राहून साधी आहे आणि मला ती जास्त आवडते.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थंबरलंड परगण्यात, बॅम्बरा नावाचं गाव आहे. गावाच्या डोक्यावर मोठा किल्ला आणि समोर समुद्रात विखुरलेली फार्न बेटं. बेटं म्हणायचं एवढंच, खरं तर ते काळे कातळ. भरती आली की निम्मे बुडतात, ओहोटी लागली की पुन्हा डोकं वर काढतात. सातव्या शतकात संत कथबर्ट तिथल्या एका बेटावर एकांतात राहिले आणि तिथंच 687 मध्ये वारले. कालांतरानं तिथं वस्ती उरली ती सील माशांची, समुद्रपक्ष्यांची आणि दिवा राखणाऱ्यांची.

बॅम्बरा गावात, आजोबांच्या घरी, 24 नोव्हेंबर 1815 रोजी ग्रेसचा जन्म झाला. नऊ भावंडांतली ती सातवी. वडील विल्यम डार्लिंग हे दीपगृहाचे रखवालदार. त्यांचे वडीलही तेच काम करत. म्हणजे दिवा राखणं हा घराण्याचाच धंदा. ग्रेस काही आठवड्यांची असतानाच तिला ब्राउन्समन बेटावर नेण्यात आलं आणि अकराव्या वर्षापर्यंत ती तिथंच वाढली. पण त्या बेटावरचा दिवा जहाजांच्या दृष्टीनं नीट जागी नव्हता. बाहेरच्या खडकांवर जहाजं फुटतच राहिली. म्हणून दीपगृहांचा कारभार पाहणाऱ्या ट्रिनिटी हाऊस या संस्थेनं आणखी बाहेर, लाँगस्टोन नावाच्या उघड्या खडकावर नवा मनोरा उभारला. 1826 साली डार्लिंग कुटुंब तिथं राहायला गेलं.

लाँगस्टोनचा हा मनोरा आजही उभा आहे. उंची सव्वीस मीटर, अंगावर तांबडे-पांढरे पट्टे. तळाला एक मोठी गोल खोली. स्वयंपाक, जेवण, बैठक सारं तिथंच. तिथून वर गोल जिना, जिन्यावर तीन झोपायच्या खोल्या आणि सगळ्यात वर दिवा. त्या काळी तेलाच्या दिव्यांच्या मागे चकचकीत परावर्तक लावलेले असत आणि सगळी चौकट घड्याळासारख्या यंत्रानं फिरत असे. वाती कातरायच्या, काजळी पुसायची, परावर्तक घासूनपुसून लखलखीत ठेवायचे, यंत्राला किल्ली द्यायची आणि रात्रभर कुणीतरी जागं राहायचं. घरातल्या सगळ्यांच्या पाळ्या लागत, मुलीबाळींनाही सुटका नव्हती. खडकावर गवताचं पातं उगवत नसे. त्यामुळे विल्यम होडी वल्हवत जुन्या ब्राउन्समन बेटावर जात, तिथल्या परसातली भाजी आणत, जनावरांना चारा घालून येत. पगार वर्षाला 70 पौंड, आणि काम चोख राहिलं तर वर 10 पौंड बक्षीस.

मुलांना शाळा कुठली? वडीलच शिकवत. वाचन, लेखन, भूगोल, इतिहास आणि बायबल. ते हौसेनं व्हायोलिन वाजवत. मात्र घरात पत्त्यांना आणि कादंबऱ्यांना मज्जाव होता. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला हे वाचून थोडं वाईट वाटणारच. पण ज्या घरातल्या मुलीवर पुढं लोकांनी इतक्या कादंबऱ्या रचल्या, त्या घरात एकही कादंबरी नसावी, याची गंमतही वाटते.

मोठी भावंडं एकेक करून किनाऱ्यावर गेली. 1838 च्या सप्टेंबरात मनोऱ्यात तिघंच उरली होती. साठी ओलांडलेली आई, पन्नाशीतले वडील आणि बावीस वर्षांची ग्रेस. धाकटा भाऊ विल्यम ब्रुक्स मासेमारीच्या हंगामासाठी किनाऱ्यावर गेला होता. ग्रेस दिसायला ठेंगणी, अंगानं सडसडीत. चित्रकारांनी पुढं तिला चांगली धिप्पाड केली ती गोष्ट वेगळी.

5 सप्टेंबरला फॉरफारशर नावाची आगबोट हल बंदरातून स्कॉटलंडमधल्या डंडीला निघाली. दोन्ही बाजूंना पाण्याची चाकं असलेली ही बोट चारच वर्षांपूर्वी बांधलेली होती. माणसं बासष्टच्या आसपास. वाटेतच बॉयलर गळू लागला. तसंच रेटत बोट फार्न बेटं ओलांडून पुढे गेली, पण अखेर इंजिनं बंद पडली. वादळ उत्तरेकडून. शिडांच्या आधारानं बोट उलटी दक्षिणेला ढकलली जाऊ लागली आणि 7 तारखेच्या पहाटे बिग हारकार नावाच्या खडकावर जाऊन आदळली. आदळताक्षणी तिचे दोन तुकडे झाले. मागचा भाग माणसांसकट वाहून गेला आणि बुडाला. कप्तान आणि त्याची बायको दोघंही गेले. त्या भागातून नऊजण कशीबशी एक नाव सोडून निसटले आणि रात्रीच एका जाणाऱ्या गलबतानं त्यांना उचललं. पुढचा भाग खडकावर अडकून राहिला. तिथं काही माणसं जीव मुठीत धरून बसली. त्यांत सारा डॉसन नावाची एक बाई होती. सात वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी तिनं पोटाशी धरलेली. उजाडेपर्यंत दोन्ही लेकरं थंडीनं तिच्या हातातच गेली. तरी तिनं त्यांना सोडलं नाही.

पावणेपाचच्या सुमारास ग्रेसला वरच्या खिडकीतून खडकावर काहीतरी मोठं काळं दिसलं. तिनं वडिलांना उठवलं. दोघं आळीपाळीनं दुर्बिणीतून पाहत राहिली, पण अंधारात माणूस असा दिसेना. सातच्या सुमारास उजेड झाला, पाणीही उतरू लागलं, तेव्हा खडकावर तीन-चार हलणारे जीव दिसले.

आता पुढचा भाग. गोष्टींच्या पुस्तकांत इथं ग्रेस वडिलांच्या पाया पडते, रडते, ते नको नको म्हणत असताना एकटीच होडीकडे धावते. मला तसं वाटत नाही. जन्मभर त्या पाण्यावर राहिलेली ती दोन माणसं. त्यांना भाबडं धाडस परवडणारं नव्हतं. त्यांच्यापुढं जो हिशेब होता तो असा. किनाऱ्यावरून मदतीची नाव या समुद्रात निघू शकेल असं दिसत नव्हतं. आपल्याकडे एकवीस फुटी कोबल, त्या किनाऱ्यावरची कोळ्यांची सपाट बुडाची होडी. ती नीट वल्हवायला चांगले तीन-चार गडी लागतात. आपण दोघंच. बेटांच्या आडोशानं, वारा चुकवत, लांबच्या वाटेनं गेलं तर मैलभराचं अंतर दोघांना कसंबसं कापता येईल. पण परत येताना पाणी उलटं असेल. तेव्हा दोघांच्या बळावर होडी परतणार नाही. खडकावरची माणसं वल्हं मारण्याइतकी धड असतील, तरच परत येता येईल. ती तशी नसतील, तर सुटका करायला गेलेल्या दोघांनाही त्यांच्याबरोबर त्याच खडकावर थांबावं लागेल.

बँकेत असताना कर्जाची प्रकरणं तपासताना आम्ही परतफेडीची सोय आधी पाहत असू. इथं परतफेडीचा भरवसा ज्यांना वाचवायचं त्यांच्याच अंगातल्या उरल्यासुरल्या ताकदीवर होता, आणि ती किती उरली आहे हे दुर्बिणीतून दिसण्यासारखं नव्हतं. हे सगळं समजून दोघं निघाली. आईनं होडी पाण्यात ढकलायला हात लावला. नवरा आणि लेक एकाच होडीत बसून जाताना त्या बाईनं पाहिलं आणि मनोऱ्यात एकटी परत गेली. तिचं चित्र कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

खडकाजवळ पोचल्यावर खरी परीक्षा होती. माणसं होडीत घ्यायची तर विल्यमना खडकावर उडी मारणं भाग होतं. त्यांनी उडी मारली आणि होडीत ग्रेस एकटी उरली. तीन-चार गड्यांची होडी, दोन्ही वल्ही तिच्या हाती. लाटेनं होडी खडकावर आपटली तर तिथंच चुराडा. फार दूर गेली तर परत आणता येणार नाही. पुढे, मागे, पुन्हा पुढे, असं करत ती होडीला एका जागी तोलून धरत राहिली. ग्रेस डार्लिंगचं जे काही मोठेपण आहे, ते माझ्या मते त्या काही मिनिटांत आहे. माणूस वाचवताना पुढं करायला हात तरी असतो. होडी नुसती एका जागी राखायची म्हणजे काहीच न घडू देण्याचं काम. चित्रात काढायला अवघड.

खडकावर नऊजण जिवंत होते, अपेक्षेपेक्षा जास्त. सगळी एका खेपेत मावणं शक्य नव्हतं. कुणाला आधी घ्यायचं हे विल्यमनी ठरवलं. चार पुरुष आणि सारा डॉसन. मुलांचे देह मागे ठेवावे लागले. पुरुषांपैकी काहींनी वल्ही हाती घेतली आणि धरलेला हिशेब बरोबर निघाला. मनोऱ्यावर पोचताच ग्रेस आणि तिची आई त्या गारठलेल्या माणसांच्या सेवेला लागल्या. वाचलेल्या दोन खलाशांना घेऊन विल्यम पुन्हा गेले आणि उरलेल्या चौघांना घेऊन आले.

इथं मला एका दुसऱ्या होडीविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. बोट फुटल्याचा इशारा किनाऱ्यावर पोचल्यावर नॉर्थ संडरलंडच्या कोळ्यांनीही होडी काढली होती. आज ते बंदर सीहाउसेस नावानं ओळखतात. सातजण होते, ग्रेसचा भाऊ विल्यम ब्रुक्स त्यांत होता. मैलभर नव्हे, पाचेक मैल उघड्या समुद्रातून ते वल्हवत आले. खडकावर पोचले तेव्हा तिथं त्यांना फक्त प्रेतं सापडली, सारा डॉसनची दोन मुलं आणि एक धर्मोपदेशक. परत जाणं अशक्य, म्हणून तेही लाँगस्टोनवर आले. वादळ थांबेना. त्या एका गोल खोलीच्या मनोऱ्यात ही सगळी माणसं तीन दिवस दाटीवाटीनं राहिली. घरात जे काही होतं नव्हतं ते पुरवून पुरवून खाल्लं असणार.

या सातजणांची नावं कुणाच्या तोंडी राहिली नाहीत. रत्नागिरीला मिरकरवाड्यातल्या मंडळींना होड्यांसाठी कर्जं देण्याच्या निमित्तानं माझा बराच संबंध आला. समुद्रात दुसऱ्याच्या मदतीला जाणं हे तिथं सांगायचं कौतुक नसतं, रीत असते. पण आपण गेलो आणि नाव भलत्याचं झालं, तर ते मनाला लागतंच. बोट फुटल्यावर मदतीला जाण्याचा मोबदला हा त्या काळच्या कोळ्यांच्या मिळकतीचा भाग होता. पुढं डार्लिंग कुटुंबाविषयी किनाऱ्यावर कुरकुर झाली, तिचं मूळ मला यात दिसतं. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही.

विल्यम दीपगृहाची रोजवही ठेवत. त्यात या प्रसंगाची नोंद फार थोडक्यात आहे. बोट, ठिकाण, किती वाचले. नऊजणांना डार्लिंग मंडळींनी वाचवलं एवढंच. मुलीचं वेगळं नाव त्यात नाही. आम्ही बँकेच्या डे-बुकात जमाखर्च लिहायचो तितक्याच कोरडेपणानं लिहिलेली ती नोंद आहे.

वर्तमानपत्रांना एवढ्यावर भागणार नव्हतं. चौकशीत बॉयलरच्या दोषाचा प्रश्न आला, कंपनीची जबाबदारी निघाली, चाळीसच्या वर माणसं गेली होती. पण लोकांना बॉयलरची हकिकत नको होती. त्यांना मुलगी हवी होती. व्हिक्टोरिया राणी गादीवर येऊन जेमतेम वर्ष झालेलं, तीही तरुण मुलगीच. थोड्याच आठवड्यांत लाँगस्टोनचा खडक यात्रेचं ठिकाण झाला. प्रवाशांनी भरलेल्या आगबोटी बेटाभोवती चकरा मारू लागल्या. डझनावर चित्रकार आले. प्रत्येकाला तिनं तासन्‌तास बसून हवं असे, आणि वडिलांनीही. दिवा, वाती, परावर्तक ही कामं तर होतीच. पत्रांचे गठ्ठे येऊ लागले, त्यांत लग्नाच्या मागण्या. सही हवी, अंगावरच्या त्या दिवशीच्या कपड्याचा तुकडा हवा, केसांची बट हवी. केसांच्या मागण्या इतक्या, की सगळ्या पुऱ्या केल्या असत्या तर डोक्यावर केस उरले नसते. थिएटरवाल्यांनी आणि सर्कसवाल्यांनी बोलावणी धाडली, तिनं येऊन नुसतं होडीत बसून दाखवायचं. ती गेली नाही. तिला किनाऱ्यावर कुठं जाणंच नको वाटायचं. गर्दी जमायची.

पैसाही आला. एकूण सातशे पौंडांहून अधिक, त्यात राणीचे पन्नास. वडिलांच्या पगाराच्या हिशेबानं ही दहा वर्षांची कमाई. जहाजं फुटल्यावर जीव वाचवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेनं तिला आणि वडिलांना रौप्यपदक दिलं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. मग नॉर्थंबरलंडचे ड्यूक पुढं आले आणि आपण होऊन तिचे पालक बनले. रक्कम तिच्या हाती न देता विश्वस्तांच्या ताब्यात ठेवण्यात आली. हेतू चांगलाच असेल. भोळ्या मुलीला कुणी लुबाडू नये. पण एवढ्या वादळात होडी सांभाळणाऱ्या तेवीस वर्षांच्या बाईला आपले पैसे सांभाळता येणार नाहीत, असं त्या सगळ्या थोर माणसांनी गृहीत धरलं. बँकेत मी अशी खाती पाहिली आहेत. खातेदार सज्ञान असतो, पण सही दुसऱ्याचीच चालते.

या सगळ्याला ती कंटाळली होती हे उघड आहे. पत्रांना मात्र इमानानं उत्तरं देत राहिली, आभार मानत राहिली. लग्न केलं नाही. मनोऱ्यातलं काम सोडलं नाही.

1842 च्या वसंतात ती कोकेट बेटावर भावाकडे गेली. तोही दीपगृहावरच होता. तिथून येताना सर्दी-पडसं झालं आणि ते काही हटेना. खोकला वाढला. हवापालटासाठी आधी वूलर, मग अ‍ॅनिक गावी नातेवाइकांकडे ठेवलं. ड्यूकच्या बाईसाहेबांनी स्वतः लक्ष घातलं, आपल्या डॉक्टरांना पाठवलं. पण तो क्षय होता आणि त्या काळी क्षयावर इलाज नव्हता. तिथंही लोक तिला बघायला येतच. शेवटी तिला बॅम्बराला बहिणीच्या घरी आणलं. तिनं आलेल्या भेटवस्तू घरच्यांना वाटून टाकल्या. 20 ऑक्टोबर 1842 रोजी ती गेली. वय सव्वीस. वडील जवळ होते.

ज्या गावात जन्मली त्याच गावात, सेंट एडन चर्चच्या आवारात, घरच्यांच्या थडग्यात तिला पुरलं. जवळच समुद्राकडच्या बाजूला मोठं स्मारक बांधलं, छत्रीखाली निजलेली तिची दगडी मूर्ती आणि बाजूला वल्हं. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवरून दिसावं म्हणून जागा मुद्दाम तशी निवडलेली. वर्डस्वर्थनं 1843 साली तिच्यावर कविता लिहिली. गोष्टी, गाणी, बशा, चॉकलेटचे डबे, सगळ्यांवर ती आली. आणि धड्याच्या रूपानं आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेपर्यंत पोचली.

विल्यम डार्लिंग मुलीमागे पुष्कळ वर्षं जगले. आई 1848 साली गेली. ते 1860 पर्यंत लाँगस्टोनचा दिवा राखत होते आणि 1865 मध्ये वारले. सारा डॉसनचं पुढं काय झालं याची चौकशी करायला त्या चित्रकारांपैकी कुणी गेलं असेल, असं वाटत नाही.

लाँगस्टोनवर 1952 मध्ये वीज आली आणि 1990 च्या सप्टेंबरात शेवटचा रखवालदार उतरला. आता दिवा आपोआप लागतो. तळच्या त्या गोल खोलीत रात्री कुणी जागत नाही. उन्हाळ्यात सीहाउसेसहून प्रवाशांच्या होड्या तिथं जातात, मनोरा बघतात, सील माशांचे फोटो काढतात. ती एकवीस फुटी कोबल मात्र बॅम्बराच्या संग्रहालयात आहे. तिच्या जन्मघराजवळ 1938 मध्ये, प्रसंगाला शंभर वर्षं झाली तेव्हा, हे संग्रहालय उघडलं. होडी तीच, त्या पहाटेची. मी तिची छायाचित्रं पाहिली आहेत. चित्रातल्यासारखी ती इवलीशी मुळीच नाही. चांगली लांब आणि जड आहे, आणि तिची वल्ही एकट्या माणसानं मारायची नव्हेतच.